खिडकीखालचं प्लास्टर

बाबा, तुमचं प्लास्टर काढलं. सगळं नाही, पण जवळजवळ सगळं, आणि भिंत उभी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण सकाळपासून मला हे कुणाला तरी ओरडून सांगायचं आहे आणि ज्यांना सांगावं ते सगळे इथेच होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. उरले तुम्ही. नेरकडून आत वळणाऱ्या रस्त्यावरची ती शाळा आठवते ना, कवेलूंच्या छपराची, लांब ओसरीची, जिच्या मातीच्या भिंती तुम्ही सिमेंटने मढवल्या होत्या? तिच्याच ओसरीवर बसून लिहिते आहे. ऊन अजून कलायचं आहे. हातावरचा चिखल वाळून कातडी ओढल्यासारखी झाली आहे, पेन नीट धरता येत नाही, आणि मी इतकी खूश आहे की मघाशी चहाचा कप खाली ठेवायला गेले तो चिखलाच्या घमेल्यातच ठेवला.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही गेले तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि मुलगी इंजिनियर होणार म्हणून तुम्ही ऑफिसभर पेढे वाटून मोकळे झाले होते. पूल बांधणार माझी पोरगी, असं सांगत फिरायचे. पूल नाही बांधले, बाबा. सुरुवातीला स्लॅब ओतले, त्याचा कंटाळा आला, मग मातीच्या मागे लागले ते आजपर्यंत. मातीच्या जुन्या इमारती दुरुस्त करते. गढ्या, कोठारं, देवळामागच्या धर्मशाळा, अशा शाळा. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं शिकून शेवटी शेणामातीने भिंती छाबायच्याच होत्या तर कॉलेजात कशाला गेलीस. तुम्ही काय म्हणाले असते ते तर मला पाठच आहे. ‘कच्चं काम.’ तुमच्या तोंडची ती सगळ्यात मोठी शिवी. तुमच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, पक्की आणि कच्ची. मग ते घर असो, रस्ता असो, नाहीतर जावई.

मला आठवतात त्या सुट्टीच्या दिवशीच्या चकरा, तुम्ही ओव्हरसियर म्हणून कामं बघायला जायचे त्या. फटफटीच्या टाकीवर मी पुढे बसलेली, मागे तुम्ही, पिशवीत पाण्याची बाटली आणि आईने दिलेला पोळीचा डबा. घरी तुम्ही अगदी ‘मला-तुला’ बोलायचे, आम्ही कुणी ‘मले’ म्हटलं की डोळे वटारायचे, आणि साइटवर पाय पडला रे पडला की तुमचंच ‘मले-तुले’ सुरू व्हायचं. मिस्त्रीही खूश, तुम्हीही खूश. आणि मग खिशातून ती हातोडी निघायची. लाकडी दांड्याची, एवढीशी, सोनाराच्या दुकानात शोभावी अशी. नव्या प्लास्टरवर ती टकटक वाजवत तुम्ही भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, डोळे अर्धवट मिटून. मी मागे मागे. प्लास्टर भिंतीला घट्ट धरून असेल तर आवाज कोरडा येतो, लगेच संपतो. आत हवा राहिली असेल, नीट चिकटलं नसेल, तर रिकामा डबा वाजावा तसं घुमतं. तिथे तुम्ही खडूने फुली मारायचे आणि काम घेतलेल्या गुत्तेदाराचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, माझ्या बाबांना भिंतीच्या आतलं ऐकू येतं. अजूनही वाटतं.

आणि मग ह्या शाळेतला तो दिवस. मी दुसरीत असेन. प्लास्टर पुरं झालेलं, आतून बाहेरून सगळी शाळा राखाडी, ओल्या सिमेंटचा वास, आणि वर्गात बरीच माणसं जमलेली, पांढरे कपडे, टोप्या. तुम्ही त्या दिवशी हातोडी वाजवतच नाही आहात, नुसतंच बोलता आहात, हसता आहात. मला राहवत नाही. मी तुमच्या खिशातून हातोडी काढते आणि भिंतीशी जाऊन वाजवायला लागते. आतल्या बाजूला, खिडकीखाली, फळ्याच्या डावीकडे आवाज बदलतो. मी परत वाजवते. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, केवढ्या अभिमानाने, सांगते, “बाबा, इथे पोकळ आहे.” तुमचा चेहरा मला अजून दिसतो. “चूप बस,” तुम्ही म्हणता. “उगाच काहीही बोलायचं नाही. जा, गाडीपाशी जाऊन उभी राहा.” तुम्ही मला तोवर कधी असं बोलले नव्हते. मी उन्हात फटफटीपाशी उभी राहिले आणि रडले, आणि रडता रडता मला एकच गोष्ट समजत नव्हती की तिथे पोकळ होतं, तर मग मी चुकले कुठे.

त्याच संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आले. आई आलू-वांग्याच्या भाजीवर हिरवागार सांभार चिरून टाकत होती आणि मी फळीखाली तोंड फुगवून बसले होते. तुम्ही पाटावर बसले, मला म्हणाले डोळे मिट, आणि फळीवरचे डबे एकेक करून वाजवायला लागले. हा भरलेला का रिकामा? हा? हा अर्धा आहे ना, डाळ कुठपर्यंत आहे सांग बरं. मी सगळे बरोबर ओळखले. आई म्हणाली, पुरे झालं, डबे चेपतील. मग तुम्ही ती हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “कान चांगला आहे तुझा. आता ही तुझी.” एवढंच. मी बरोबर होते असं नाही म्हणाले, माझं चुकलं असंही नाही म्हणाले, आणि सकाळी का ओरडले तेही नाही. मला हातोडी मिळाली होती, मी लगेच सगळं विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते. ती हातोडी अजून माझ्या थैलीत असते आणि ती हातात घेतली की प्रत्येक वेळी ते ‘चूप बस’ आधी ऐकू येतं.

आता ऐका, इथे कशी आले. शाळा कधीच रस्त्यापलीकडच्या नव्या स्लॅबच्या इमारतीत गेली आहे. जुनी रिकामी पडली, ओसरीत बकऱ्या बसायला लागल्या. गावातल्या काही जुन्या विद्यार्थ्यांना वाटलं हिचं काहीतरी करावं, वाचनालय करावं, भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींना बसायला जागा होईल. त्यांनी मला बोलावलं. आणि गावच्या समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, त्यांचं म्हणणं होतं की अभ्यासिका पाहिजेच, पण ह्या मातीत नको; पाडा आणि स्लॅबचा हॉल बांधा. माणूस वाईट नाही. सोयाबीन, तूर, कापूस, बरी शेती आहे, आणि उन्हात उभं राहून स्वतः काम बघणारा आहे. पण मातीचं नाव काढलं की तुमच्यासारखंच तोंड करतो. पश्चिमेची भिंत मधोमध चिरली होती आणि फुगून बाहेर आली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, “मॅडम, हे एक भित करून दाखवा. उभी राह्यली त ठीक. नाई त मी जेसीबी बोलावतो, मंग मले बोलाचं नाई.” मी म्हटलं, मंजूर. मी कुणाची मुलगी आहे ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून काय सांगायचं होतं?

पहिल्या दिवशी मी तुमची हातोडी काढली आणि तुमच्याच भिंतीवर तुम्ही शिकवलं तसं वाजवत गेले. पोकळ. पुढे पोकळ. दाराजवळ पोकळ, कोपऱ्यात पोकळ, जिथे हात लावावा तिथे रिकामा डबा. मला लाजच वाटली, जणू मीच केलं होतं. मग छिन्नी लावली. बाबा, प्लास्टर पापुद्र्यासारखं निघालं, पोळीवरचा पापुद्रा निघावा तसं, एवढाले तुकडे, आणि त्यामागे माती काळीनिळी ओली. बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. मातीच्या भिंतीला जमिनीतून ओल चढतेच, पण ती उघडी असली तर ओल वाऱ्याने, उन्हाने उडून जाते, दरवर्षी एक हात माती फिरवली की झालं. तुम्ही तिला सिमेंटचा कोट घातला. ओल आत शिरली आणि बाहेर पडायला वाट नाही. त्यात पुढे सिमेंटचा रस्ता झाला, त्यावर दुसरा झाला, रस्ता भिंतीच्या जोत्यापेक्षा वर आला आणि पावसाचं सगळं पाणी पायथ्याशी. इतकी वर्षं ती भिंत आतल्या आत भिजत राहिली आणि बाहेरून पक्की दिसत राहिली. खालच्या विटांचा अक्षरशः शिरा झाला होता.

मला संताप आला. हो, तुमचाच. मी छिन्नी टाकली आणि भाऊंसमोरच बोलून गेले की ज्याने कुणी ह्या भिंतीला सिमेंट थापलं त्याला एक दिवस असा बंद रेनकोट घालून वैशाखात उभा करायला पाहिजे. भाऊ खाली बसले, मातीचं ढेपळ हातात घेऊन चुरलं आणि मग वर न बघता म्हणाले, “तुमच्या बाबानंच थापलं ना पन. ओरसियर साहेबानं.” मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी तेच पोट्टी होय ना, ‘पोकळ हाय’ म्हननारी? हातोडी पाह्यली अन् वळखलं. मी चौथीत होतो. खिडकीतून पाहून राह्यलतो.” पोट्टी म्हटल्याबद्दल त्यांनी लगेच माफी मागितली, म्हणाले, तवा पोट्टीच होत्या ना तुमी.

मग तिथेच, त्या ओल्या भिंतीपाशी उकिडवे बसून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी तुम्ही घरी कधी सांगितली नाही. त्यांचे वडील तेव्हा सरपंच होते. शेजारच्या गावाला स्लॅबची शाळा झाली होती आणि ह्यांच्या गावाला मातीची, म्हणून चारचौघांत त्यांना लाज वाटायची. त्यांना ही शाळा पाडायचीच होती. नवी कधी बांधून मिळेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा पाडली की पोरं झाडाखाली बसणार, मग शेतात जाणार, संपलं, हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही सरपंचांच्या ओसरीवर जाऊन बसले, चकरा मारल्या, हातापाया पडले म्हणा ना. आणि शेवटी शब्द दिला, पाडू नका, मी तुम्हाला पक्की करून देतो, आणि पडली तर माझ्या नावानं खडे फोडा. सरपंच म्हणाले, बघतो, पण कामात कुठे खोट निघाली तर दुसऱ्या दिवशी सब्बल लावून पाडतो. आणि ज्या दिवशी ते खोट बघायला आपली माणसं घेऊन आले, त्याच दिवशी तुम्ही मला फटफटीच्या टाकीवर बसवून सोबत आणलं होतं. भाऊ म्हणाले, “आनखीन एक डाव बोलल्या असत्या ना तुमी, त शाळा गेलीच होती. मी चौथी पास नसतो झालो.”

बाबा, मी हसायलाच लागले. त्या चिखलात बसून इतकी हसले की समोरच्या घरांतल्या बाया काम सोडून बघायला आल्या. तुम्हाला ते पोकळ आधीच ऐकू आलं होतं! म्हणून तर त्या दिवशी तुम्ही हातोडी खिशातून काढली नव्हती. तुमच्यासारखा माणूस, जो गुत्तेदाराला बोटभर फुगवटा माफ करत नसे, तो पोकळ भिंतीपुढे उभा राहून हसत होता, आणि त्याची शहाणी पोरगी भर सभेत त्याचं बिंग फोडत होती. आणि तरी संध्याकाळी तुम्ही मलाच हातोडी दिली. ही शाळा तुमच्यामुळे सडली, बाबा, आणि तुमच्यामुळेच सडायला का होईना, उरली. माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. त्याच्या जागी अशी काही घाई सुटली की बस. आता ही भिंत पडता कामा नये. पडली तर भाऊंचा जेसीबी येईलच, पण तुम्ही दिलेला शब्दही त्याच्या खाली जाईल, आणि तो शब्द ऐकलेला माणूस समोर उभा राहून बघेल.

मग काय, लागले कामाला. छपराचं वजन लाकडी बल्ल्यांच्या टेकूवर घेतलं. गावामागे जुन्या गढीची पांढऱ्या मातीची टेकडी उरली आहे, तिथून माती आणली. शेतातली काळी चालत नाही, ती वाळली की भेगाळते. आणलेली माती थंड पेयाच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली, खाली वाळू किती बसते, वर चिकणमाती किती राहते बघायला, तर भाऊ विचारतात, हे काय, सरबत? गावात घरोघरी दिवाळीला भिंती छाबणाऱ्या एक मावशी आहेत, त्या आपल्या बायांना घेऊन आल्या आणि पहिल्या दिवसापासून माझं नि त्यांचं वाजलं. त्या म्हणायच्या शेण वाढवा, मी म्हणायची भुसा, कुटार वाढवा. मी माझ्या मनाप्रमाणे सोयाबीनचं कुटार घालून विटा पाडल्या, हौसेने उन्हात मांडल्या, आणि सगळ्या तडकल्या. मावशींनी पदराआड हसून घेतलं आणि आपल्या मनाप्रमाणे शेणाच्या पाडल्या, त्यांना बुरशी आली आणि त्या हातात घेताच मोडल्या. मग मी हसून घेतलं. शेवटी दोघी कबूल झालो. गव्हाचं बारीक कुटार, थोडं शेण, सगळं पाण्यात आंबेपर्यंत कुजवायचं, नाक धरावं असा वास सुटला की तुडवायचं, आणि विटा निंबाच्या सावलीत वाळवायच्या. त्या विटा, बाबा! वाजवून बघितल्या तर खणखणीत. तुम्ही त्या हातात घेऊन ‘कच्च्या’ म्हणून दाखवा.

आणि तुडवणं. ते मी तुम्हाला कसं सांगू? साडी खोचून बाया चिखलात गोल फिरतात, एकमेकींच्या सुनांची मापं काढतात, गुडघ्यापर्यंत थंडगार, वर उन्हाची काहिली. मीही उतरले. एवढी वर्षं हे काम करते, पण गार चिखलात पहिला पाय गेला की मला अजूनही लहान मुलीसारखं किंचाळावंसं वाटतं. मावशी म्हणाल्या, मॅडम, लगन असल्यावानी नाचू नका, घसरान. तुमच्या इस्त्रीच्या पँटला कधी शिंतोडा लागलेला मी पाहिला नाही. तुमचं फार मोठं नुकसान झालं, एवढंच म्हणते.

भिंतीचा पायथा हातहातभर काढला. एक तुकडा पोखरायचा, शिरा झालेली माती काढायची, नव्या विटा गाऱ्यात बसवायच्या, वाळू द्यायच्या, मग थोडं अंतर सोडून दुसरा. घाई केली की वरची भिंत खाली येते. मी स्वभावाने घाईची, तुम्हाला माहीतच आहे, तर रोज स्वतःला दटावत होते, तुमच्याच आवाजात. बाहेर रस्त्याच्या कडेचं सिमेंट फोडून पाण्याला नाली काढायची म्हटलं तेव्हा भाऊ भडकले, चांगला रस्ता काहून फोडता म्हणून. मग एका संध्याकाळी अवकाळीचा शिंतोडा आला, पाणी कुठे जाऊन उभं राहतं ते त्यांनी स्वतः पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन तेच फोडायला उभे. चिरेवर मी काचेची पातळ पट्टी चिकटवली होती. भिंत जरा जरी हलली तर आधी काच तुटते. रोज सकाळी आल्या आल्या मी ती काच बघायची आणि मगच चहा घ्यायची. माझं पाहून भाऊही यायला लागले. ते काच बघायचे आणि तसेच शेतावर जायचे.

आज बल्ल्या काढल्या. सगळं गाव मैदानात. नव्या शाळेतून पोरं आणि मास्तर बाहेर आलेले, मावशी हात जोडून, भाऊ भिंतीपासून जरा लांब, हात मागे बांधून. एक बल्ली काढली, दुसरी काढली. मधली सैल करताना वरून कर्र असा आवाज आला आणि मातीचा एक लाडूएवढा गोळा खाली पडला. मी मिस्त्र्याला म्हटलं थांब, आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिले, का कुणास ठाऊक, जशी आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून आई उभी राहायची. काही नाही. थंड, कोरडी, गप्प. मग म्हटलं, काढ. शेवटची बल्ली निघाली आणि भिंतीने छपराचं वजन घेतलं. भाऊ पुढे आले, चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लागेल एवढे वाकले. किती वेळ बघत होते. मग मागे वळून गावाला सांगितलं, “नाई तुटली.” माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो इंजिनियर बाईला शोभणारा नव्हता. मावशींनी मला मिठी मारली, आम्ही दोघी चिखलाच्याच झालो. जेसीबीचं नाव कुणी काढलं नाही.

भाऊ आता सगळ्यांना सांगत फिरत आहेत की उरलेल्या भिंती दिवाळीच्या आत झाल्या पाहिजेत. आम्ही बाहेरून कुटाराच्या मातीचा हात दिला आहे, वरून चुन्याचा पोचारा देऊ. बाकीच्या भिंतींचं सिमेंट मी आधीच काढून टाकलं आहे, आतलं आणि बाहेरचं. फक्त एक तुकडा ठेवला. आतल्या बाजूला, खिडकीखाली, फळ्याच्या डावीकडे, सुपाएवढा. ती ओसरीकडची भिंत आहे, तिला ना पावसाचा त्रास, ना ओल तिथवर चढलेली, तो तुकडा तिथे राहिल्याने काही बिघडणार नाही, हे मी नीट तपासून घेतलं आहे. तरी दुसऱ्या कुणी ठेवला असता तर मी त्याला अर्धा तास भाषण दिलं असतं.

मघाशी सगळे पांगल्यावर भाऊ आत आले. उघड्या मातीच्या भिंतीत तो राखाडी तुकडा उठून दिसतो. त्यांनी विचारलं, “हे काहून ठेवलं?” मी म्हटलं, “तेवढं भरीव आहे. धरून आहे भिंतीला. मग कशाला काढायचं.” मी त्यांच्याकडे न बघता बोलले. त्यांनी माझ्या थैलीतून हातोडी घेतली, खाली वाकले आणि दोनदा वाजवलं. चौथीतला पोरगा तेव्हा त्याच खिडकीत उभा होता, त्याला काय ऐकू येणार नाही? हातोडी माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, “हौ. भरीवच हाय.” आणि चहा सांगायला गेले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. हातोडीच्या थैलीत राहू देईन. माझ्या कामातल्या लोकांनी वाचलं तर पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. तो तुकडा पोकळ आहे, बाबा. मी तेव्हा बरोबर सांगितलं होतं आणि आज खोटं सांगितलं.